तंबोऱ्याचा विमानप्रवास

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

तंबोऱ्याकडे नीट पाहिले तर हे वाद्य घराबाहेर काढण्यासाठी केलेलेच नाही असे वाटते. खाली वाळून टणक झालेला मोठा पोकळ भोपळा, त्याच्या तोंडावर पातळ लाकडाची तबली, तिथून वर गेलेली पोकळ दांडी आणि दांडीच्या टोकाला बाहेर आलेल्या चार खुंट्या. पुरुषांच्या आवाजाचा तंबोरा उभा केला तर जवळजवळ पाच फूट भरतो. बायकांचा थोडा आखूड असतो. वजनाला मात्र तो इतका हलका की लहान मूलही उचलील. त्याच्या अंगचे नादाचे गुण या हलकेपणातून आणि पोकळपणातूनच आलेले आहेत, आणि प्रवासातील सारी संकटेही त्यातूनच येतात.

अशी वस्तू विमानाने सातासमुद्रापलीकडे न्यावयाची झाली तर काय करावे, हा या लेखाचा विषय आहे. केळी, कापूस आणि डाळ बाहेर पाठवणाऱ्या आपल्या खानदेशाला तंबोऱ्याच्या विमानप्रवासाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु आज आपल्या आळीतली मुले-मुली नोकरीच्या किंवा लग्नाच्या निमित्ताने परदेशी जातात. त्यांच्याबरोबर पापड, कुरडया आणि पोळपाट जातो, तसा एखादीचा तंबोराही जातो. गेल्या वर्षी आमच्या संगीताच्या बाईंचा तंबोरा जळगावहून कॅनडाला त्यांच्या मुलीकडे जावयाचा होता. त्यानिमित्ताने ही विद्या मला जवळून पाहावयास मिळाली. तिच्यातली निम्मी बाईंना ठाऊक होती. उरलेली निम्मी निघाली माझ्या वडिलांकडे, म्हणजे आप्पांकडे. आप्पा ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली करतात. त्यांचा आणि संगीताचा संबंध भजनापलीकडे कधी आलेला नाही.

लांब आणि जपून नेण्याजोग्या वस्तूंचा हा प्रश्न जगात सगळीकडेच आहे. थंड मुलखात बर्फाच्या उतारावरून एका फळीवर उभे राहून घसरत जाण्याचा खेळ आहे. त्या फळीला स्नोबोर्ड म्हणतात. आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्गला हा खेळ चालतो. २०२० साली खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धाही तिथे झाल्या. ही फळी साधारण पाच फुटांची, म्हणजे थेट आपल्या तंबोऱ्याएवढी असते. खेळाडू ती विमानाने नेताना पायांच्या पकडी सोडून वेगळ्या गुंडाळतात, कडांना जाड कापड लावतात आणि आपलेच लोकरी कपडे तिच्याभोवती ठासून भरतात. कपड्यांचे ओझे आणि फळीचे संरक्षण अशी दोन्ही कामे एकातच होतात. युक्ती चांगली आहे, आणि ती तंबोऱ्यालाही लागू पडते. फरक इतकाच की फळी चिवट असते, वाकून पुन्हा सरळ होते. भोपळा वाकत नाही. तो मडक्यासारखा एकदम तडकतो.

बाईंचा तंबोरा मिरजेचा. मिरजेत तंतुवाद्ये घडविण्याचा धंदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालत आलेला आहे. तो सुरू करणारे फरीदसाहेब हे मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या समाजातले. लढायांचे दिवस सरले, तलवारीचे काम कमी झाले आणि ते हात सतारी-तंबोऱ्यांकडे वळले. पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे गवई मिरजेस राहिल्यामुळे या कारागिरीस जाणते गिऱ्हाईकही घरबसल्या मिळाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्यांना लागणारे कडू भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकतात. हा भोपळा खाण्याचा नव्हे. तो वेलीवरच मोठा होऊ देतात, महिनोन् महिने वाळवतात, मग कापून आतला गर काढतात. राहते ते फक्त कवच. तबली आणि दांडी बहुधा तुणीच्या लाकडाची असते, आणि हे सांधे जुन्या पद्धतीत सरसाने जोडलेले असतात.

ही माहिती केवळ कौतुकासाठी दिलेली नाही. कोणत्या जागी काय वापरले आहे हे कळले की कोणत्या जागी काय बिघडेल तेही कळते. सरस उष्णतेने व दमटपणाने मऊ पडतो. मे महिन्यात जळगावच्या उन्हात मोटारीच्या डिकीत तंबोरा दोन तास ठेवला तर विमानतळ दिसण्यापूर्वीच सांधा सुटू शकतो. भोपळ्याला ठोसा सहन होत नाही. दांडी तशी मजबूत असते, पण ती भोपळ्याला जिथे मिळते तो गळा सर्वांत नाजूक. पाच फुटांची वस्तू दोन टोकांवर टेकवून मधे अधांतरी ठेवली आणि वरून एखादी जड बॅग पडली, तर सारा भार त्या गळ्यावर येतो. खुंट्या तर बाहेरच आलेल्या असतात; त्या आधी मोडतात.

लोकांचा एक समज असा की विमानात हवेच्या दाबाने भोपळा फुटतो. हे खरे नाही. मोठ्या प्रवासी विमानात सामानाच्या कप्प्यातही बसण्याच्या भागाइतकाच हवेचा दाब राखलेला असतो. हा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तितपत असतो, आणि तो हळूहळू बदलतो. डोंगरावर नेल्याने तंबोरा फुटत नाही, मग विमानात का फुटावा? तो फुटतो जमिनीवर: पट्ट्यावरून घसरताना, गाडीतून उतरवताना, ढिगाच्या तळाशी दबताना. दोष विमानाच्या माथी, काम मात्र चढ-उताराचे! आप्पांनी हे ऐकले तेव्हा त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. ट्रक चालू असताना माल सहसा फुटत नाही, तो भरताना आणि उतरवताना फुटतो, हे त्यांना तीस वर्षांपासून माहीत आहे.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू.

पहिले काम तारांचे. चारही तारा सैल कराव्या लागतात, कारण ताणलेली तार दांडीला सतत पुढे ओढत असते. वाद्य शांत उभे असताना हा ताण चालतो, पण त्यातच वरून धक्का बसला तर दोन्ही मिळून गळ्यावर येतात. मात्र तारा सैल केल्या की दुसरी अडचण उभी राहते. तबलीवरची घोडी बहुधा तारांच्या दाबानेच जागेवर बसलेली असते. तारा ढिल्या झाल्या की ती मोकळी होते आणि प्रवासभर तबलीवर नाचून ओरखडे काढते. म्हणून बाईंनी आधी घोडीच्या चारही कोपऱ्यांशी पेन्सिलीने बारीक खुणा केल्या, मग घोडी काढून मऊ फडक्यात गुंडाळली आणि हातातल्या पिशवीत ठेवली. जवारीचे दोरे एका कागदाच्या पुडीत घातले. घोडीचा वरचा उतार म्हणजे जवारी, आणि तंबोऱ्याचा सगळा गोडवा त्या उतारात असतो. तो घासून बसवणारा कारागीर शोधावा लागतो. हरवलेली खुंटी दुसरी करून मिळेल, जवारी तशीच्या तशी मिळेलच असे नाही. तारांमधले मणके खाली घसरून तबलीवर आपटतात, म्हणून त्यांच्याखालीही फडके हवे.

खुंट्या काढाव्यात की ठेवाव्यात याबद्दल मतभेद आहेत. बाईंनी त्या काढल्या. प्रत्येक खुंटी तिच्याच भोकाला घासून बसवलेली असते, एकीची जागा दुसरीला चालत नाही. तेव्हा खडूने खुंटीवर आणि भोकाशी एकच आकडा घालावा, आणि मगच ती काढावी. तारांनाही तसेच आकडे लावावेत; खर्जाची तार पितळेची असल्याने ती तेवढी लगेच ओळखू येते.

इथून पुढे आप्पांचे राज्य सुरू झाले. बाईंनी बाजारातून थर्माकोलचे तुकडे आणून ठेवले होते. आप्पांनी एक तुकडा मुठीत दाबला, तो चेपला तो चेपलेलाच राहिला. "मॅडम, हे एक डाव वाचाडतं, दुसऱ्या डावाला नाही," ते म्हणाले. थर्माकोल पहिला धक्का घेतो आणि त्या जागी दबून जातो. पुढच्या धक्क्याला तिथे पोकळी तयार असते. फोम दबून पुन्हा वर येतो. गोधडीही तशीच. आप्पांनी आमच्याकडची एक जुनी गोधडी आणि आईची दोन जुनी सुती लुगडी आणली होती.

मऊ वस्तूने संरक्षण का होते, हे मी नंतर आमच्या विज्ञान शाखेतल्या मैत्रिणीकडून समजावून घेतले. समजा, पेटी तीन फुटांवरून, म्हणजे छत्तीस इंचांवरून पडली. खाली आल्यावर ती थांबायला किती अंतर मिळते यावर धक्का ठरतो. टणक पेटी अर्ध्या इंचात थांबली तर आतल्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे ७२ पट जोर येतो. मऊ भरणी दोन इंच दबत गेली आणि मग वस्तू थांबली, तर हाच जोर सुमारे १८ पटींवर येतो. उंची तीच, वस्तू तीच, फक्त थांबायला जागा दिली. म्हणून भरणी नुसती असून भागत नाही, तिला दबायला जागा हवी. ठासून दगडासारखी घट्ट केलेली भरणी आणि लाकडाची फळी यांत फारसा फरक राहत नाही.

पण फार सैलही चालत नाही. आप्पांचे एक वाक्य आहे: "जे हालस, ते फुटस." जे हलते ते फुटते. केळीच्या गाडीवर काम करताना ते शिकले. पूर्वी आपल्याकडे घडच्या घड ट्रकमध्ये भरत, तेव्हा तळाला, बाजूंना आणि थरांच्या मधे केळीचाच पाला घालत, आणि तो असा की गाडी हलली तरी घड एकमेकांवर घासू नये. आता निर्यातीची केळी फण्या सुट्या करून, धुऊन, मधे फोमचे पातळ कागद घालून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरतात. पाल्याच्या जागी फोम आला, पण रीत तीच राहिली. केळ्याला लागलेला मार त्याच दिवशी दिसत नाही, पिकल्यावर काळा डाग होऊन वर येतो. तंबोऱ्याची चीरही अशीच. बाहेरून केसाएवढी, आणि षड्ज लावला की खरखर.

आप्पांनी लुगड्याची जाड चुंबळ केली, जशी बायका डोक्यावर हंड्याखाली ठेवतात तशी, आणि भोपळा तिच्यावर टेकवला. मला हे फार आवडले. गोल वस्तू सपाट तळावर ठेवली तर सगळे वजन एका बिंदूवर येते, आणि भोपळा नेमका तिथेच तडकतो. चुंबळीवर ते वजन गोल कडेभर वाटले जाते. दांडीखाली गोधडीच्या घड्या अशा लावल्या की गळ्यापासून टोकापर्यंत ती कुठेही अधांतरी राहू नये. दांडीवर हात ठेवून दाबले, ती खाली गेली नाही. मग चारी बाजूंनी फोम, वरून पुन्हा फोम. पेटी बंद करून दोघांनी उचलून हलवली आणि कान लावला. आतून आवाज आला नाही तेव्हाच आप्पांनी पट्ट्या मारल्या.

पेटीविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. सुताराकडून साध्या लाकडाची पेटी करून परदेशी पाठवू नये. कच्च्या लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाते, म्हणून २००२ साली एक आंतरराष्ट्रीय नियम ठरला; त्याप्रमाणे असे लाकूड उष्णता देऊन वा धुरी देऊन, तसा शिक्का मारूनच पाठवावे लागते. प्लायवुडला ही अट नाही. भरणीला गवत, पेंढा किंवा केळीचा पाला वापरणेही पुष्कळ देशांत चालत नाही. म्हणजे आप्पांची जुनी विद्या तेवढी सीमेवर अडते. फायबरची तयार पेटीही मिळते. ती चांगली, पण महाग. तंबोरा फार जुना असून त्याच्यावर हस्तिदंती नक्षी किंवा हस्तिदंती घोडी असेल, तर तो नेण्याआधी चौकशी करावीच. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ साली बंदी ठरलेली आहे, आणि परक्या विमानतळावर वाद घालून उपयोग होत नाही. बाईंच्या तंबोऱ्याची घोडी साध्या हाडाची होती.

पेटीवर काच-पेला, वर रोखलेले बाण आणि छत्री अशी चित्रे रंगवली. ही चित्रे सर्व जगात सारखी असतात, आणि त्याचे कारण उघड आहे: माल उचलणाऱ्याला पेटीवरची भाषा वाचता येईल याची खात्री कोणालाच नसते. आप्पांना इंग्रजी वाचता येत नाही, मराठीही अडखळतच वाचतात. पण पेल्याचे चित्र असलेले खोके त्यांनी कधी फेकले नाही. असा पेला पाहून खोके फेकणारेही असतात, हे तेच सांगतात. रात्री तीनला चाळीसावी गाडी खाली करताना माणसाला चित्र दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यात मला तथ्य वाटते. म्हणून चित्र काढावे, पण चित्रावर विसंबून बांधणी कमी करू नये.

विमान कंपन्यांचे नियम वेगवेगळे असतात व बदलतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी विचारलेले बरे. परदेशी प्रवासात पुष्कळ कंपन्या बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटीमीटरची मर्यादा ठेवतात. तंबोऱ्याची पेटी एकट्या लांबीतच ती ओलांडते, म्हणून जादा आकाराचे पैसे भरावे लागतात. एकाच नगाचे वजन ३२ किलोंवर जाऊ नये, कारण उचलणाऱ्याच्या पाठीचाही विचार असतो. (आमच्याकडे शंभर किलोंचे पोते एका पाठीवर चढताना मी पाहिलेले आहे. ही मर्यादा ऐकून आप्पा नुसते हसले.) कित्येक कंपन्या वाद्यासाठी शेजारची खुर्ची विकत घेऊ देतात, थोर कलावंत तसे करतात, पण तिकिटाचा खर्च दुप्पट होतो.

सामान देताना खिडकीवर एक चिठ्ठी पुढे करतात व सही मागतात. वस्तू नाजूक आहे, मोडल्यास कंपनी जबाबदार नाही, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर असतो. तो वाचून सही करावी. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू आहे. भारत त्यात २००९ साली सामील झाला. या कराराप्रमाणे सामानाची नुकसानभरपाई एका मर्यादेपर्यंतच मिळते. डिसेंबर २०२४ पासून ती माणशी १,५१९ एस. डी. आर. आहे. एस. डी. आर. हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशोबाचे एकक असून त्याचा रुपयांतील भाव बदलत असतो. वस्तू याहून मोलाची असेल तर सामान देतानाच तसे जाहीर करून जादा आकार भरण्याची सोय करारात आहे. मोडतोड झाल्यास सामान हाती आल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. वस्तूतल्याच दोषामुळे मोडले असे ठरले तर काही मिळत नाही. म्हणून बांधणीच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवावेत. ते काम माझ्याकडे होते.

एवढे करूनही वाद्ये मोडतात आणि हरवतात. २००८ साली डेव्ह कॅरोल नावाच्या कॅनडाच्या गायकाची गिटार अमेरिकेत युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात मोडली. कित्येक महिने दाद मागून काही हाती लागले नाही, तेव्हा त्याने २००९ मध्ये त्यावर गाणेच रचले आणि ते जगभर गाजले. २०१४ मध्ये उस्ताद अमजद अली खाँ यांची जुनी सरोद लंडनहून दिल्लीला येताना गहाळ झाली होती. काही दिवसांनी ती सापडली. एवढ्या मोठ्या माणसांची ही गत असेल तर सामान्याने दोन घड्या जास्त घातलेल्या बऱ्या.

यावर काहीजण म्हणतील की एवढा खटाटोप कशाला, इलेक्ट्रॉनिक तंबोरा न्यावा. आता तर तो मोबाईलमध्येही मिळतो. रियाजाला तो सोयीचा आहे हे खरे. भोपळ्याऐवजी चपट्या पेटीची लहान तंबोरीही मिळते, ती बॅगेत सहज मावते. पण बाईंच्या मुलीने मागितला होता तो तिच्या आजीचा तंबोरा, आणि तो तर मोबाईलमध्ये नव्हता.

पेटी जळगावहून मुंबईपर्यंत रेल्वेने गेली. बाईंचे जावई एका वरच्या बर्थवर पेटी आडवी ठेवून स्वतः रात्रभर खाली बसले. पुढे विमान. कॅनडात पोहोचल्यावर पेटी लगेच उघडू नये असे बाईंनी बजावले होते. थंडीत तेथील घरे यंत्राने गरम ठेवतात, त्यामुळे आतली हवा फार कोरडी होते; लाकूड एकदम आकसले तर तबली चिरते. म्हणून एक दिवस पेटी बंदच ठेवायची, मग झाकण उघडून दुसरा दिवस तशीच, आणि त्यानंतर तारा थोड्या थोड्या करून दोन-तीन दिवसांत चढवायच्या. खोलीत पाण्याचे भांडे किंवा हवा ओलसर ठेवणारे यंत्र असावे.

पेटीचा एक कोपरा आत चेपला होता. आतली गोधडी तेवढी दबली होती, तंबोऱ्याला काही नव्हते. चार खुंट्या आपापल्या आकड्यांवर बसल्या, घोडी पेन्सिलीच्या खुणांवर उभी राहिली. खर्जाची तार मात्र पहिल्यासारखी बोलत नाही, जवारी पुन्हा काढावी लागेल असे मुलगी फोनवर म्हणाली. तिच्या गावात ते काम करणारे कोणी नाही. तेव्हा येत्या दिवाळीला नुसती घोडी फडक्यात बांधून इकडे येणार आहे, आणि बाई ती घेऊन मिरजेला जाणार आहेत. गोधडी मात्र तिने ठेवून घेतली आहे.